निळा धूर आणि विमलचा चहा

माझी पस्तीस वर्षं गाड्यांच्या मागे गेली. अगदी मागे म्हणजे मागेच. लोक गाडीत पुढं बसतात, काच खाली करतात, वारा खातात. मी सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवा बसून धूर खाल्ला. आमच्याकडच्या मास्तर मंडळींनी दिवाळी अंक काढायचा ठरवला तेव्हा शेतीवर, बदलीवर आणि जावयावर लिहिणारे त्यांना पुष्कळ मिळाले. धुरावर लिहिणारं कोणी मिळेना, म्हणून ते माझ्याकडे आले. आयुष्यात मी वहीत स्पेअरपार्टांची यादी सोडून काही लिहिलेलं नाही. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

आदिलाबादेतून तामसीकडे निघालात की डाव्या हाताला एक चिंच लागते. तिच्या खाली माझं गॅरेज. मागच्या बाजूला घर, पुढं दुकान, मध्ये एक दार. चाळीस पावलांत संसार आणि धंदा दोन्ही. सगळे मला वामन मेस्त्री म्हणतात. आता कंबर तक्रार करते म्हणून मोठी कामं घेत नाही, पण शटर रोज उघडतो. नाही उघडलं तर शेजारचा चहावाला बंडू, मी जिवंत आहे का ते बघायला येतो आणि तासभर बसतो.

आता थोडं शास्त्र. गाडी धूर सोडते म्हणजे ती काहीतरी सांगत असते. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय आणि हवा कमी पडतेय. दाट पांढरा धूर आला आणि तो थांबतच नसला तर पाणी आत शिरतंय. निळसर धूर आला तर इंजिनाचं तेल जळतंय, आणि खरी डोकेदुखी हीच. इंजिन ऑइल हे अंगाला लावायचं तेल आहे, ते गाडीने प्यायचं नाही. ती प्यायला लागली की मालक दर आठवड्याला एक डबा ओततो आणि मेस्त्रीच्या दारात येतो.

पण तेल कुठून जळतंय हे रंगावरून कळत नाही, वेळेवरून कळतं. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एक भपका येऊन बंद झाला तर व्हॉल्व्हची सीलं गेली. उटनूरकडचा घाट उतरून खाली आल्यावर रेस देताच भपका आला तरी संशय तिकडेच. चढावर जोर लावला की एकसारखा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, आणि मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. आणखी दोन फुटकळ कारणं असतात. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते, ती तुंबली तरी तेल वर चढतं. आणि तेल गरजेपेक्षा जास्त भरलं तरी गाडी तेच जाळत बसते. या दोन कारणांना आम्ही मेस्त्री लोक फार मान देत नाही, कारण त्यांत आमचं कौतुक काही होत नाही.

माझे उस्ताद जुने हैदराबादी. त्यांची शिकवण एका ओळीची होती, "पहले सूंघ, फिर पूछ, फिर सोच. पाना आखिर में." म्हणजे आधी वास घे, मग मालकाला विचार, मग डोकं चालव, आणि पान्याला सगळ्यांत शेवटी हात लाव. बाकीच्या तीन गोष्टी कोणालाही शिकवता येतात. वास मात्र मला देवानं दिला होता, आणि त्याचा मला फार गर्व होता.

एकदा नार्नूरहून एक जीप आली. मालक म्हणाला, इंजिन तापलं की आतून फटफट आवाज येतो, तीन जणांना दाखवलं, कोणी टायमिंग म्हणतं, कोणी बेअरिंग. मी बोनेट उघडायच्या आधी वास घेतला आणि म्हणालो, ज्वारीच्या लाह्या आहेत. तो माझ्याकडे बघत राहिला. बोनेट उघडलं तर एक्झॉस्टच्या पाइपाला लागून उंदरानं ज्वारीचं कोठार केलेलं, आणि पाइप तापला की लाह्या फुटत होत्या. मूठभर खालीही पडल्या. बंडूनं त्यातल्या दोन चाखल्याही. त्या दिवसापासून माझ्या नाकाची ख्याती उटनूरपर्यंत गेली.

दुसरं एक गिऱ्हाईक म्हणजे हैदराबादेहून बदलून आलेले एक साहेब. डिसेंबरचा महिना, आमच्याकडे सकाळी हात खिशातून काढवत नाही. साहेबांच्या नव्या गाडीतून पांढरा धूर निघाला आणि ते घाबरून माझ्याकडे आले. मी सांगितलं की ही वाफ आहे, थंडीत निघते, गाडी ठणठणीत आहे. त्यांना पटेना. इतक्या शिकलेल्या माणसाला काही नाही म्हटलं तर अपमान वाटतो. शेवटी मी म्हणालो, ठेवून जा, दुपारी या. तेवढ्या वेळात मी त्या गाडीच्या काचा पुसल्या. दुपारी त्यांनी गाडी सुरू केली, उन्हात धूर कसला येणार, साहेब खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा दारात, कारण धूर परत आला होता. ते तावातावानं बोलत होते आणि बोलताना त्यांच्या तोंडातून भसाभसा वाफ निघत होती. मी नम्रपणे म्हणालो, साहेब, आधी तुमच्या रिंगा बदलू का? ते हसायलाच लागले. बदली होऊन जाईपर्यंत दर थंडीत नमस्कार करत गेले.

एवढी फुशारकी मारली, आता खरं सांगतो. कोरोनात मला ताप आला, खोकला आला, दोन्ही गेले, आणि जाताना माझा वास घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, येईल महिन्याभरात. महिना गेला, वर्ष गेलं. मी कोणाला सांगितलं नाही. गवयाचा गळा गेला तर तो सांगत फिरत नाही. मी गाडीमागे बसायचो, डोळे मिटायचो, लांब श्वास ओढायचो आणि मनातून घामेजायचो. मला काहीच येत नसे. पेट्रोल आणि गुलाबपाणी सारखंच.

आमच्या हिला, म्हणजे विमलला, ते दुधावरून कळलं. मी ओट्याशेजारी पेपर वाचत बसलो होतो आणि माझ्या हातभर अंतरावर पातेलं जळून काळं झालं होतं. ती मागच्या अंगणातून वास आल्यामुळं धावत आली. तिनं गॅस बंद केला, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून एवढंच विचारलं, "कधीपासून?"

मी सांगितलं. वाटलं, आता हसेल नाहीतर रडेल. तिनं पातेलं घासायला घेतलं आणि घासता घासता युक्ती काढली. रोज अकरा वाजता ती मला चहा आणून देतेच. आता ती चहा घेऊन धुराच्या गाडीमागून यायची, क्षणभर पदर सावरायला थांबायची, आणि चहा देताना चहाबद्दलच बोलायची. चहा करपला म्हणाली की इंजिन ऑइल जळतंय. साखर जास्त झाली म्हणाली की रेडिएटरचं पाणी, कारण कूलंटचा धूर गोडसर असतो. कच्चा राहिला म्हणाली की पेट्रोल नीट जळत नाही. मी चहाचा घोट घ्यायचो, डोळे मिटायचो आणि निदान सांगायचो. महिन्याभरात ती इतकी तयार झाली की मी न विचारता "करपला, पण थोडासाच" असं बारकाव्यानं सांगू लागली. गिऱ्हाइकं म्हणत, मेस्त्री, वैनीचा चहा रोज बिघडतो वाटते. ती खाली मान घालून आत जाई. अशी आमची दोन वर्षं बिनबोभाट चालली. त्या दोन वर्षांत मी खरोखरच सुखी होतो, कारण लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं मिळून एक काम करत होतो.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास विमलच्या बहिणीचं ऑपरेशन झालं आणि ती आठवड्यासाठी नार्नूरला गेली. जाताना म्हणाली, धुराची गाडी आली तर परवा या म्हणून सांगा. मी बरं म्हणालो. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी किसन काकाजींची गाडी आली.

किसन काकाजी तामसीकडच्या खेड्यातले शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी गेल्या पोळ्यानंतर बैलजोडी विकली, शेत बटईनं दिलं आणि चार दिवस जेवले नाहीत. त्यांचा मुलगा राजू उटनूरला कारकून आहे. त्यानं बापासाठी एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी घेतली. काकाजी सत्तरीनंतर गाडी शिकलेले, त्यामुळं दुसऱ्या गिअरच्या पुढं कधी गेले नाहीत. गाडी गोठ्यात, बैलांच्याच जागी उभी असते. वळणावर ते हॉर्न वाजवत नाहीत, जिभेनं टकटक करतात. गावातल्या बाळंतिणी, म्हातारी माणसं, शाळेचे पेपर, सगळं त्या गाडीतून तामसीच्या बसपर्यंत येतं. गाडीमुळं काकाजींच्या दारात पुन्हा माणसं यायला लागली होती, आणि हे सगळ्या गावाला दिसत होतं.

ती गाडी माझ्या दारात आली तेव्हा ती आधी दिसलीच नाही, धूरच दिसला. निळसर पांढरा, दाट, चिंचेच्या शेंड्यापर्यंत. बंडूनं दूध झाकलं. राजू गाडीतून खोकत उतरला आणि काकाजी रुमालानं बोनेट पुसत उभे राहिले.

रस्त्यावर दहा-बारा माणसं गोळा झाली. विमल नार्नूरला. मी म्हणायला हवं होतं की परवा या. पण दहा माणसं तुमच्या नाकाकडे आशेनं बघत असली की परवा म्हणणं फार कठीण. मी सायलेन्सरमागे बसलो, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मला काहीही आलं नाही. मी गंभीरपणे मान हलवली. मागून कोणीतरी म्हणालं, घेतला वास, आता सांगतेत.

उस्तादांचा पहिला नियम असा बुडाला. दुसरा नियम मालकाला विचारायचा. मी विचारलं, पण तेही घाईत. काकाजी म्हणाले की पोळ्याच्या आधी गाडी चांगली होती, आणि तेल त्यांनी कधी कमी पडू दिलं नाही. मी डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं. मी समजलो, गाडी तेल पिते म्हणून म्हाताऱ्यानं भीतीपोटी जास्त ओतलंय. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं मीटर लावलं. रिंगा गेल्या असत्या तर काटा खाली राहायला हवा. काटा टुणकन वर गेला, नव्या गाडीसारखा. अशा वेळी शहाणा माणूस आपलं मत बदलतो. मी मीटरला दोन टिचक्या मारल्या आणि मीटरच बिघडल्याचं जाहीर केलं.

मग मी निकाल दिला. रिंगा गेल्या, सिलिंडरचा बोअर झिजला, अर्धं इंजिन करावं लागेल. एवढ्या जुन्या गाडीत ते घालणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल जड.

राजू म्हणाला की मग विकूनच टाकू. तो वाईट मुलगा नाही. बाप कुठं रस्त्यात अडकून पडेल याची त्याला भीती होती, आणि उटनूरहून रोज येणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. भंगारवाला म्हणाला, परवा अकराला येतो.

काकाजी बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. आजारी जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा तो हात होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेस्त्री, बैल बिमार पडला तं आदी त्याले दवा देतेत. तू तं डायरेक मातीच द्याले निंगाला."

त्या वाक्यानं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. वास तर नव्हताच, आता चवही गेली. गाडी माझ्याच दारात उभी होती. काकाजी रोज सकाळच्या बसनं येत, गाडीशेजारी बंडूच्या बाकावर बसत आणि संध्याकाळच्या बसनं परत जात. मी दोनदा पाना घेऊन गाडीजवळ गेलो आणि दोनदा परत आलो. आयुष्यात मी तीन इंजिनं विनाकारण खोलली आहेत. त्या तिघा मालकांना ते आजही माहीत नाही, आणि त्यातला एक बिचारा अजून मला दिवाळीला चिवडा पाठवतो. तो चिवडा खाताना दर वर्षी मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी अकराला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्यानं गाडी एकदा सुरू करून बघायला मागितली. राजूनं चावी फिरवली, धुराचा लोट उठला, आणि त्याच वेळी चिंचेखाली उटनूरची बस थांबून तिच्यातून विमल उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बहिणीनं दिलेला दोडका. ती धुरात शिरली आणि जागच्या जागी थांबली.

"इतं भजे कोन तळून राह्यलं हो?" ती म्हणाली.

बंडू म्हणाला, माझी भज्यांची कढई तर आज चढलीच नाही, या धुरात गिऱ्हाईक कुठलं. विमलनं पिशवी खाली ठेवली, दोडका माझ्या हातात दिला आणि वास धरून पुढं आली. आमची खूण, चहा, सगळं ती विसरली. ती सरळ सायलेन्सरमागे गेली, पदर कमरेला खोचला आणि उकिडवी बसली. मी इतकी वर्षं बसलो अगदी तशीच. सगळा रस्ता बघत होता.

"हे इंजिनाचं तेल नोय," ती म्हणाली. "जवसाचं हाये. थोडं फल्लीदान्याचं बी हाये. अन् तिळाचं." मग पुन्हा एकदा वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "अन् मोगऱ्याचं, डोक्शाले लावतेत थे."

लोक हसले. भंगारवाला म्हणाला, "ये गाडी है या किराना?" मला त्या क्षणी दोन वाटा होत्या. हसून म्हणता आलं असतं की बायको प्रवासातून दमून आलीय, काहीतरी बोलतेय, आणि माझं नाव शाबूत राहिलं असतं. पण माझं लक्ष काकाजींकडे गेलं. ते हसत नव्हते. ते चोरी पकडल्यासारखे जमिनीकडे बघत होते. मग मी उस्तादांचा दुसरा नियम आठवला आणि काकाजींच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो. यावेळी नीट विचारलं की काकाजी, पोळ्याला काय काय केलं ते पहिल्यापासून सांगा.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळण करतात. खांद्याला तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि बैलाला आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैल सजवून घरोघर नेतात. घरची बाई त्याचे पाय धुते, कुंकू लावते आणि पुरणपोळी खाऊ घालते. काकाजींच्या गोठ्यात यंदा बैल नव्हता, गाडी होती. त्यांनी बोनेटला तूप-हळद चोळली. आवतनही दिलं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या आरशांना घुंगरं बांधली आणि दुसऱ्या गिअरमध्ये सगळ्या गावातून फिरवली. बायांनी चारी चाकं धुतली, दिव्यांना कुंकू लावलं. मग जेवू घालायची वेळ आली.

"आवतन देल्लं होतं मेस्त्री," काकाजी म्हणाले. "आवतन देऊन कोनाले उपाशी ठेवतेत का? पोळी तं थे खाऊ शकत नाई. मंग मी इचार केला का हिचं खानं काय? तेल. म्हनून मीच झाकन खोलून देल्लं. ज्याच्या घरी जे होतं थे घातलं एकेक पळी. सकू बुढीच्या घरी काईच नव्हतं, तिनं सुनेची शिशी आनली."

एकेक पळी, आणि गाव चाळीस घरांचं. पेट्रोलच्या टाकीत नव्हे, थेट इंजिनाच्या पोटात. राजूनं डोक्याला हात लावला. तो पोळ्याच्या दिवशी उटनूरला ड्यूटीवर होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकाजींनी मला सांगितलं नव्हतं कारण मी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटलं असतं. पाहुण्याला जेवू घातलं हे डॉक्टरला कोण सांगतं?

मग पाना उचलला. गाडीखाली परात ठेवली आणि खालचा बोल्ट सोडला. साडेतीन लिटर मावणाऱ्या पोटातून साडेपाच लिटर आलं. परात भरली, बादली आणली. तेलाला असा रंग होता की त्याला नाव नाही. तेल वर चढून श्वासाच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत गेलं होतं, म्हणून तो सगळा धूर. जवसाचं तेल वाईट, ते सुकतं आणि चिकट थर धरतं. आणखी आठ दिवस गाडी तशीच चालली असती तर माझा निकाल खरा ठरला असता, आणि मी तो खरा ठरला म्हणून मिशीला पीळ दिला असता. नळी धुतली, प्लग साफ केले, फिल्टर बदलले, स्वस्त तेल भरून इंजिन थोडं चालवून ते काढून टाकलं, मग चांगलं तेल मोजून भरलं. डिपस्टिक वरच्या खुणेला. खुणेच्या वर एक केसही नाही.

राजूनं चावी फिरवली. पहिली दहा मिनिटं नळीत राहिलेलं तेल जळालं आणि मोगऱ्याचा म्हणे घमघमाट सुटला. मला अर्थातच काही आलं नाही. मग धूर पातळ झाला, मग विरळ, मग नाहीच. सायलेन्सरपुढं मी पांढरा रुमाल धरला, तो पांढराच राहिला. काकाजींनी जिभेनं टकटक केलं आणि बोनेटवर थाप मारली. भंगारवाला टेम्पो वळवून गेला. जाताना त्यानं बंडूला भजी तळायला सांगितली, आणि ती खाऊनच गेला.

सगळे विमलकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. मग मीच बोललो. सगळ्यांसमोर सांगितलं की मला वास येत नाही, कोरोनापासून येत नाही, दोन वर्षं निदान हिनं केली आणि नाव माझं झालं. काकाजी, तुमच्या गाडीला मी आंधळेपणानं मारायला निघालो होतो, मला माफ करा. पस्तीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात जाते की काय अशी भीती होती.

बंडू शांतपणे म्हणाला, "आमाले मालूम होतं. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या दुकानात उंदीर मरून पडला होता पाच दिवस. तुमी त्याच्या बाजूले बसून डबा खाल्ला."

कोणालाच धक्का बसला नाही. फक्त विमलच्या बिघडलेल्या चहाचं कोडं त्यांना कळलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी कळलं. काकाजी उठले, विमलपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या पोळ्याले तुमी दोघं या. आज आवतन घ्या."

आम्ही दोन पोळ्यांना जाऊन आलो. गाडीच्या तेलाच्या झाकणाला काकाजींनी आता लाल दोरा बांधलाय, तो सोडायचा अधिकार फक्त आम्हाला. गाव अजूनही एकेक पळी तेल देतं, पण ते एका डब्यात जमा होतं आणि त्यात सगळ्या गावाची भजी तळतात. गाडीला मानाचं पहिलं भजं दाखवतात. गॅरेजमध्येही बदल झालाय. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, वैनी घरी आहे का? नसली तर बाकावर बसून वाट बघतं. मी असलो काय, नसलो काय. विमलनं चहाची खूणही सोडली. आता ती थेट पाठीमागे बसते आणि मोठ्यानं सांगते, सील गेलं, रिंग गेली, चला, उचला पाना. माझा चहा हल्ली चांगला होतो.

एवढं सगळं कबूल केलंच आहे, तर शेवटचंही सांगून टाकतो. दोन महिन्यांपूर्वी मी ओट्याशेजारी पेपर वाचत होतो. विमल मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. माझं वाचन चालू होतं आणि कसं कोण जाणे, मी उठलो, गॅस बंद केला, पुन्हा बसलो. मग लक्षात आलं की दूध करपायला लागलं होतं आणि ते मला नाकानं कळलं होतं. मी पातेल्यावर वाकलो. थोडासाच, पण होता. करपलेल्या दुधाचा वास इतका सुंदर असतो हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मान वळवली तर अंगणाच्या दारात विमल हातात ओला टॉवेल घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती ठाऊक नाही. मी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. टॉवेल वाळत घालायला ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धुराची एक गाडी दारात उभी होती. मला लांबूनच कळलं, ऑइल जळतंय, सीलं असावीत. मी पान्यांची पेटी आवरत बसलो. विमल चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखी क्षणभर पदर सावरत थांबली. मग विचारलं, "तुमाले कायचा वास येते?"

"मले काय मालूम," मी म्हणालो. "तूच सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि सायलेन्सरमागे जाऊन बसली.